डब्याची किंमत नव्हे, किलोचा दर पाहा

गुजरातमध्ये शेंगदाण्याचे तेल डब्याने घेण्याची पद्धत जुनी आहे. बडोद्याच्या अलकापुरी भागातील गृहिणीस एका दुकानात १५ किलोचा, तर दुसऱ्या दुकानात १५ लिटरचा डबा मिळू शकतो. आकडा एकच असला तरी माल सारखा नसतो. एक लिटर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते; म्हणजे १५ लिटरच्या डब्यात साधारण १३ किलो ६५० ग्रॅमच तेल असते.

समजा, किलोचा डबा २,७०० रुपयांस व लिटरचा २,५५० रुपयांस आहे. दुसरा दीडशे रुपयांनी स्वस्त भासतो. परंतु पहिल्याचा दर किलोस १८० रुपये, तर दुसऱ्याचा सुमारे १८७ रुपये पडतो.

डाळ, चहा, साखर यांच्या पुड्यांनाही हेच गणित लागू आहे. वेष्टित वस्तूंच्या नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ठरावीक वस्तूंवरील ठरावीक वजनांचे बंधन उठले आणि एककाची विक्री किंमत छापण्याची तरतूद झाली. किलोहून लहान पुड्यावर ती ग्रॅममागे असते. तिला हजाराने गुणावे. दुकानदार सूट देत असल्यास प्रत्यक्ष किमतीस निव्वळ वजनाने भागावे. सुट्या मालाचा दर किलोस विचारावा व प्रत एकच असल्याची खात्री करावी.

शिक्षकांनी असे पुडे वर्गात आणून मुलांकडून हा भागाकार करवून घ्यावा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.