धाग्यात वस्तीला आलेले जिवाणू

सांडपाण्याचा धडा शिकवताना मी मुलांना एक गोष्ट हमखास सांगते. घाण खाणारे जिवाणू हवे तेवढे मिळतात, पण त्यांना कामाच्या जागी टिकवणं अवघड. मोकळे सोडले की पाण्याबरोबर वाहून जातात. म्हणूनच जिवंत जिवाणू पॉलिमरच्या धाग्यात बसवण्याच्या संशोधनाकडे मी मोठ्या आशेने पाहते.

या पद्धतीला इलेक्ट्रोस्पिनिंग म्हणतात. पॉलिमरच्या चिकट द्रावणात जिवाणू मिसळून ते सिरिंजमध्ये भरतात आणि सुईला हजारो व्होल्टचा दाब देतात. टोकावरचा थेंब शंकूसारखा ताणला जातो, त्यातून बारीक धार सुटते, वाटेतच पाणी उडून जातं आणि समोरच्या पत्र्यावर कोरडे तंतू साठतात. तंतू कित्येकदा एक मायक्रॉनपेक्षाही बारीक असतो आणि ई. कोलाय हा जिवाणू सुमारे दोन मायक्रॉन लांब. त्यामुळे जिथे तो असतो, तिथे तंतू फुगलेला दिसतो.

जिवाणूची खरी कसोटी लागते ती पाणी उडताना, कारण भोवतालचं पाणी क्षणात नाहीसं होतं. तरीही 2006 साली इस्रायलच्या टेक्निऑन संस्थेत एयाल झुसमन यांच्या गटाने पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या तंतूंत जिवाणू जिवंत ठेवून दाखवले. उणे 20 आणि उणे 55 अंशांवर तीन महिने ठेवूनही त्यांची संख्या फारशी घटली नाही.

पण हे पॉलिमर पाण्यात विरघळतं, मग त्याने पाणी कसं शुद्ध करायचं? 2009 मध्ये अमेरिकेतल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात मिरियम राफाइलोविच आणि सहकाऱ्यांनी आधी तंतू काढले आणि मग त्यांतले रेणू एकमेकांना जोडून टाकले. असा तंतू पाण्यात विरघळत नाही आणि आतले जिवाणू जिवंत राहतात.

पुढे टेक्निऑनमध्येच सच्छिद्र भिंतीच्या सूक्ष्म नळ्यांत स्यूडोमोनास जातीचे जिवाणू भरले गेले. ॲट्राझिन हे तणनाशक छिद्रांतून आत जातं, जिवाणू मात्र आतच राहतात आणि त्यातल्या नायट्रोजनवर जगता जगता ते विष मोडतात. आपल्याकडे मका आणि उसात हेच तणनाशक फवारतात, म्हणून हे संशोधन मला जवळचं वाटतं.

भिंत किती दिवस टिकते, आतले जिवाणू बाहेर निसटतात का, हे शेतातल्या खऱ्या पाण्यात तपासायलाच हवं. इचलकरंजीत वस्त्र-अभियांत्रिकी शिकवतात, आमच्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र. दोन्हीकडच्या मुलांनी हे काम एकत्र हाती घ्यावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.