झिजलेल्या बोटांचा हिशेब

सोलापुराजवळच्या कुंभारी गांवीं विडीकामगार स्त्रियांसाठीं गोदूताई परुळेकर ह्यांच्या नांवें १०,००० घरांची वसाहत उभी राहिली. तीं घरें २००६ सालीं त्यांच्या हातीं आलीं. पुढें १९ जानेवारी २०२४ रोजीं तेथेंच रे नगरांतील १५,००० घरें असंघटित कामगारांस मिळालीं. वर्षानुवर्षें मागणी लावून धरली म्हणून हें घडलें. कोणत्याही यंत्रानें त्यांची गरज आपण होऊन ओळखली नव्हती.

हें सांगण्याचें कारण असें कीं, कोट्यवधि लोकांची माहिती संगणकाच्या स्वाधीन केली, म्हणजे गरजू कोण व लबाड कोण हें ‘अल्गोरिदम’ नांवाचें गणनसूत्र बिनचूक निवडून देईल, अशी पुष्कळ सुशिक्षितांची समजूत झाली आहे. वशिला व चिरीमिरी ह्यांस कंटाळलेल्या समाजास ती गोड वाटावी, हें स्वाभाविक आहे. परंतु यंत्रास माणूस दिसत नाहीं. दिसते ती केवळ त्याची नोंद. तेंदूचीं पानें कातरून जन्मभर विड्या वळणाऱ्या बाईच्या बोटांवरील रेषा झिजतात. ठसा जुळला नाहीं, कीं यंत्र म्हणतें, ‘ही ती नव्हे!’ कष्टांची खूणच तिच्याविरुद्ध पुरावा ठरते.

सोलापुरांतील अनेक विणकर घराण्यांचें मूळ ज्या तेलंगणांत आहे, तेथें संगणकीय छाननीवरून लक्षावधि शिधापत्रिका रद्द झाल्या. अखेर २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सुमारें १९ लक्ष पत्रिकांची प्रत्यक्ष पडताळणी करण्यास फर्माविलें. धनाढ्य हॉलंडांतही बालसंगोपनाच्या अनुदानावरून हजारों निरपराध पालकांवर लबाडीचा शिक्का बसला व जानेवारी २०२१ मध्यें तेथील मंत्रिमंडळास राजीनामा द्यावा लागला.

संगणक टाकून द्या, असें आम्ही म्हणत नाहीं. त्यानें शंका जरूर दाखवावी. पण कोणाचें धान्य वा निवृत्तिवेतन तोडण्यापूर्वीं एखाद्या जबाबदार माणसानें त्याच्या दारीं जावें, कारण सांगावें व त्याचें म्हणणें ऐकावें. वाचकहो, हीं गणनसूत्रें रचणारे तरुण पुष्कळदां आपल्याच घरांतले असतात. त्यांस एवढेंच सांगावें: पंचांगांत पर्जन्ययोग असला, तरी पाऊस पडला कीं नाहीं हें अंगणांत जाऊनच पाहावें लागतें.