नरक्या कीं अमृता?

नांवावरून गुणाची परीक्षा करूं नये, हें पटवून देण्यास सह्याद्रींतील एक लहानसें झाड पुरेसें आहे. सातारा जिल्ह्यांत महाबळेश्वर व कोयनेच्या बाजूस, आणि सांगली जिल्ह्यांत शिराळ्याच्या पश्चिमेस चांदोलीच्या रानांत तें आढळतें. फुलांना दुर्गंध येतो म्हणून लोक त्यास ‘नरक्या’ म्हणतात; कोठें कोठें मात्र त्यासच ‘अमृता’ असें नांव आहे. कर्करोगाशीं या झाडाचा संबंध काय, हें प्रत्येक गृहस्थानें समजून घेण्याजोगें आहे.

१९६६ सालीं अमेरिकेंत मन्रो वॉल व मनसुख वाणी या रसायनज्ञांनीं एका चिनी वृक्षांतून ‘कॅम्प्टोथेसिन’ हें द्रव्य निराळें काढल्याचें प्रसिद्ध केलें. यांपैकीं वाणी हे आपल्या नंदुरबारचे. त्यांचा जन्म १९२५ सालचा. पुढें १९७२ सालीं मुंबईच्या सीबा संशोधन केंद्रांतील गोविंदाचारी व विश्वनाथन यांनीं तेंच द्रव्य आपल्या नरक्यांत असल्याचें दाखविलें.

पेशीचे दोन भाग होण्यापूर्वीं तिच्यांतील डीएनएच्या तंतूचे पीळ उलगडावे लागतात. त्यासाठीं एक प्रथिन तंतूस क्षणभर छेद देतें व लगेच तो सांधतें. कॅम्प्टोथेसिन हा सांधा जुळूं देत नाहीं. म्हणून झपाट्यानें वाढणाऱ्या पेशी मरतात. परंतु निरोगी पेशींनाही तें सोडीत नाहीं. आरंभींच्या प्रयोगांत रोग्यांच्या मूत्राशयास व रक्तास इतका अपाय झाला कीं, तें बाजूस ठेवावें लागलें. नंतर त्याची घटना किंचित् पालटून टोपोटेकान व इरिनोटेकान हीं औषधें सिद्ध झालीं. १९९६ सालीं अमेरिकेंत त्यांस मान्यता मिळाली. पहिलें अंडाशयाच्या व दुसरें मोठ्या आंतड्याच्या कर्करोगावर. शोधापासून या मान्यतेपर्यंत तीस वर्षें लागलीं.

म्हणूनच एक इशारा देणें अवश्य वाटतें. वैद्यकग्रंथांत ‘अमृता’ म्हणजे गुळवेल, नरक्या नव्हे. नामसाम्यावर विसंबून, किंवा कोणी सांगितलें म्हणून, या झाडाची साल उकळून रोग्यास पाजणें हा उपचार नसून अनर्थ होय. त्यांत मात्रेचें मोजमाप नाहीं आणि योग्य उपचाराची वेळही हातची जाते.

दुसरी चिंता झाडाची. परदेशांतून मागणी आल्यावर सह्याद्रींतील हीं झाडें मुळासकट खणून चोरून नेलीं गेलीं. लाकडांत हें द्रव्य शेंकडा एक भागही नसतें. अर्थात् थोड्या औषधासाठीं पुष्कळ झाडें पडतात. पानांतून, अथवा सालींत वसणाऱ्या बुरशीतून तें मिळविण्याचे प्रयत्न संशोधकांनीं केले आहेत. रोपें तयार करून लागवडही करतां येते. रानांत उभ्या असलेल्या झाडाचें रक्षण करावें आणि औषध तज्ज्ञ डॉक्टरांच्या हातून घ्यावें, म्हणजे ‘अमृता’ हें नांव सार्थ होईल.