लॅपटॉपची निखळलेली कळ : रचना आणि दुरुस्ती

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात मोटारींचे आतील प्लास्टिकचे भाग बसविताना पुष्कळ ठिकाणी स्क्रूऐवजी खटक्याची जोडणी वापरतात. प्लास्टिकचा आकडा क्षणभर वाकतो, खाचेत शिरतो आणि सरळ होऊन तेथेच अडकून राहतो. लॅपटॉपच्या कळफलकावरील कळही याच तत्त्वावर बसविलेली असते. म्हणून कळ निखळताच संपूर्ण कळफलक निकामी झाला असे मानण्यापूर्वी, नेमके काय सुटले वा तुटले हे पाहणे अगत्याचे ठरते.

बहुसंख्य लॅपटॉपांत कळेचे चार भाग असतात. सर्वांत वर अक्षर छापलेली टोपी; तिच्याखाली एकमेकींत अडकविलेल्या दोन प्लास्टिकच्या चौकटींची कात्री; कात्रीच्या मध्यभागी रबराचा लहानसा घुमट; आणि तळाशी विद्युतवाहक रेघा असलेले पातळ पडदे. टोपी दाबली असता घुमट खचतो, वरचा पडदा खालच्यास टेकतो व मंडल पूर्ण होते. बोट सोडताच घुमट पूर्ववत होऊन टोपी वर उचलतो. कात्रीचे कार्य निराळे आहे: टोपीच्या कडेवर दाब पडला तरी ती तिरपी न होता सपाट खाली जावी, एवढ्यासाठीच तिची योजना असते.

या रचनेतूनच परीक्षेची रीत निघते. टोपी नसताना घुमट बोटाने हलकेच दाबावा. अक्षर उमटले तर विद्युतभाग शाबूत असून दोष केवळ टोपीत वा कात्रीत आहे, असे समजावे. ते उमटले नाही, तर टोपी बसविण्याआधी घुमटाची वा पडद्याची तपासणी करावयास हवी.

जोडणीपूर्वी यंत्र पूर्णपणे बंद करून विद्युतपुरवठ्याची तार काढावी आणि कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ झाडावी. यंत्रशाळेत वापरल्या जाणाऱ्या लॅपटॉपात धातूचे बारीक कणही साचलेले आढळू शकतात. कात्री प्रथम तळपट्टीवरील आकड्यांत बसवावी. तिच्या एका बाजूची टोके जागच्या जागी फिरतात, तर दुसऱ्या बाजूची सरकतात. ही दिशा चुकता कामा नये. नंतर टोपी बरोबर वर ठेवून, खटका ऐकू येईपर्यंत चारही कोपरे बेताने दाबावे. फार बळ लावावे लागले तर दिशा चुकली असे समजून थांबावे. रुंद कळांखाली समतोलासाठी बहुधा धातूची तार असते; ती आधी अडकवावी. डिंक वा गोंदासारखा कोणताही चिकट पदार्थ वर्ज्य होय, कारण त्याने फिरणारे सांधेच जखडतात.

आकडा तुटला असल्यास भाग बदलण्यावाचून गत्यंतर नाही. आकड्यांची ठेवण प्रतिरूपागणिक भिन्न असते, म्हणून नवा भाग त्याच प्रतिरूपाचा असावा. तो मिळेपर्यंत क्वचित लागणाऱ्या, समान आकाराच्या व समान रचनेच्या कळेचे भाग उसने घेता येतात.

मराठीत लिहिणाऱ्यास एका कळेचे मोल अधिकच जाणवते. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ सालच्या आयएस १३१९४ या मानकात अंतर्भूत झालेल्या इनस्क्रिप्ट मांडणीत, रोमन ‘डी’च्या कळेवर अक्षराचा पाय मोडण्याचे चिन्ह आहे. ती कळ नसली तरी ‘पिंपरी’, ‘चिंचवड’ आणि ‘चाकण’ ही नावे निर्वेध लिहिता येतात. परंतु ‘विद्यापीठ’ लिहिता येत नाही. क्ष, ज्ञ यांसारखे मोजके संयोग शिफ्टसह अंकांच्या ओळीतून मिळतात. बाकीची जोडाक्षरे अडून राहतात. अशा वेळी पडद्यावरील कळफलक वा बाहेरून जोडलेला कळफलक काम भागवितो.

खरा प्रश्न सुट्या भागाच्या उपलब्धतेचा आहे. अनेक लॅपटॉपांत कळफलक वरच्या पत्र्याला प्लास्टिकच्या रिव्हेटांनी पक्का केलेला असतो. परिणामी एका आकड्यापायी सबंध पत्रा बदलण्याचा सल्ला मिळतो. भारत सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, तेव्हा तिच्या कक्षेत विद्युत उपकरणांबरोबर वाहनेही होती. खटका घडविणाऱ्याने तो उघडण्याची आणि बदलण्याची सोयही ठेवावी, ही अपेक्षा मोटारीस जितकी लागू आहे तितकीच कळेसही आहे.