तयार फॉन्टमागची यादी

यवतमाळच्या शेतातून कापूस निघतो तो सरकीसकट. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, रुईची गाठ बांधली जाते, मग ती बाहेरगावी रवाना होते. सदरा घालणाऱ्याला जिनिंगचं यंत्र लागत नाही, पण ते नसतं तर सदराही नसता. सॉफ्टवेअरचंही तसंच: ते घडवताना लागणाऱ्या, पण वापरताना न लागणाऱ्या अवजारांना ‘बिल्ड डिपेंडन्सी’ म्हणतात. डेबियन, फेडोरा या लिनक्स वितरणांत प्रत्येक पॅकेजसोबत त्यांची यादी असते. ती सांभाळणं कारकुनी काम मानलं जातं. मला मात्र वाटतं, की एखादं सॉफ्टवेअर आपल्याला दुरुस्त करता येईल की नाही, हे या यादीवरच ठरतं.

मराठी वाचकाच्या जवळचं उदाहरण ‘लोहित देवनागरी’ फॉन्टचं. रेड हॅट या कंपनीच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी तो वर्षानुवर्षं सांभाळला; 2011मध्ये तो मुक्त फॉन्ट परवान्याखाली आला. आपल्या हाती येते ती टीटीएफ फाइल. मूळ आराखडा वेगळ्या फाइलीत असतो आणि ‘फॉन्टफोर्ज’ हा प्रोग्रॅम त्यातून फॉन्ट घडवतो. समजा, ‘दऱ्या’मधला अर्धा र नीट उमटत नाही. तो आराखड्यात सुधारायचा आणि फॉन्ट पुन्हा घडवायचा, तर फॉन्टफोर्जचं नाव यादीत हवंच. सांभाळणाऱ्याच्या संगणकावर ते आधीपासून असतं, त्यामुळे नाव राहून गेल्याचं त्याच्या लक्षातही येत नाही. म्हणून डेबियनमध्ये पॅकेज कोऱ्या वातावरणात घडवतात. तिथे मोजकी मूलभूत अवजारं आणि यादीतली नावं, एवढंच. नाव राहिलं असेल तर ‘कमांड सापडली नाही’ असा संदेश येतो आणि काम थांबतं.

यावर कुणी म्हणेल, तयार फाइल आहे ना, तीच वाटा! आज भागेल. पण अवजारंही म्हातारी होतात. पायथन 2 या भाषेचा अधिकृत सांभाळ 1 जानेवारी 2020 रोजी संपला आणि तिच्यावर विसंबलेल्या असंख्य स्क्रिप्ट नव्याने लिहाव्या लागल्या. 2021च्या डेबियन 11मध्ये पायथन 2 उरला, तोही मुख्यतः काही पॅकेजं घडवण्यासाठी त्याची गरज होती म्हणून. ज्यांच्या याद्या चोख होत्या, त्यांना कुठे हात घालायचा ते लगेच कळलं. जुन्या आवृत्त्या गोठवून ठेवण्याचा उपायही सुचवला जातो. तेच पॅकेज तसंच्या तसं पुन्हा घडवून पडताळायला तो उपयोगी आहे, पण कायमचं गोठवणं म्हणजे जुनी सुरक्षा-भगदाडंही जपून ठेवणं.

यादीत चार नावं जास्त असली तर काय बिघडलं, हा आक्षेप अधिक फसवा आहे. मार्च 2024मध्ये ‘एक्सझेड’ या फाइली आवळणाऱ्या प्रोग्रॅमच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. तो उघडणारा तुकडा जाहीर भांडारात नव्हता; वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यातल्या, पॅकेज घडवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये लपवला होता. रोख होता दूरच्या संगणकात प्रवेश देणाऱ्या ओपनएसएसएचवर. मूळ ओपनएसएसएचला एक्सझेड लागतच नाही. डेबियनसारख्या काही वितरणांनी एका छोट्या सोयीसाठी त्याला सिस्टमडीची, म्हणजे लिनक्समधल्या सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेची, लायब्ररी जोडली होती आणि तिच्यामागून एक्सझेड आत आलं. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जादा लागतोय, हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला खटकलं, म्हणून हा प्रकार उघडकीला आला. यादीतलं प्रत्येक जादा नाव म्हणजे परक्यावर टाकलेला जादा विश्वास. गरज संपली की ते काढलंच पाहिजे.

याद्या सांभाळण्याचं हे काम बरंचसं स्वयंसेवक करतात आणि माणसं कमी पडतात. त्यासाठी महानगरात असण्याची गरज नाही. यवतमाळ आणि पुसदच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी एखाद्या मराठी फॉन्टचं पॅकेज विद्यार्थ्यांच्या हाती द्यावं, ते कोऱ्या वातावरणात घडवायला लावावं आणि सापडलेली चूक सांभाळणाऱ्यांना कळवायला सांगावं.