उन्हाच्या जोरावर उड्डाण

जानेवारी २०२० मध्ये अर्जेंटिनातील सालिनास ग्रांदेस या मिठाच्या पठारावरून वैमानिक लेतिसिया मार्केस एका प्रचंड काळ्या फुग्याच्या आधाराने २७२ मीटर उंचीवर पोहोचल्या. फुग्यात हेलियम नव्हता की खाली गॅसचा बर्नर नव्हता. तोमास सारासेनो या कलाकाराच्या ‘एरोसीन’ प्रकल्पातील हा फुगा निव्वळ उन्हावर उडाला.

समुद्रसपाटीला, २० अंश सेल्सिअसला, एक घनमीटर हवा सुमारे १.२ किलो भरते. ती ५० अंशांपर्यंत तापली की पसरते आणि तेवढ्याच जागेत १.०९ किलो हवा उरते. फरक जेमतेम ११० ग्रॅमचा. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार घनमीटरमागे तेवढेच ओझे उचलले जाते. म्हणून माणूस, दोर आणि कापड मिळून १८० किलो उचलायचे, तर जवळपास १५ मीटर व्यासाचा फुगा लागतो. व्यास दुप्पट केला तर कापड चौपट लागते, पण आतली हवा आठपट होते; त्यामुळे मोठा फुगाच फायद्याचा.

खरी कसोटी उष्णतेच्या जमाखर्चाची. भर उन्हात चौरस मीटरला सुमारे १,००० वॅट ऊर्जा मिळते. काळा पृष्ठभाग त्यातली बहुतेक शोषतो. पण तापलेला फुगा अवरक्त किरणही बाहेर टाकतो आणि वारा त्याची उष्णता पळवतो. म्हणून थंड, निरभ्र आणि वारा पडलेली सकाळ सर्वांत सोयीची. पांढरे मीठ तर खालूनही ऊन परावर्तित करते. ढग आडवा आला की फुगा उतरू लागतो.

उंचावर हवा विरळ असल्याने उष्णतेची ही गळती घटते. त्यामुळे पातळ प्लास्टिकला कोळशाची पूड लावून केलेले ‘हेलिओट्रोप’ फुगे २० किलोमीटरपर्यंत चढतात. २२ जुलै २०१९ रोजी कॅलिफोर्नियात ४.२ तीव्रतेचा भूकंपाचा धक्का बसला, तेव्हा ४.८ किलोमीटर उंचीवरील अशा एका फुग्याने माणसाला ऐकू न येणारा त्याचा ध्वनी टिपला.

वाऱ्यावर आणि सूर्यावर अवलंबून असलेला हा फुगा प्रवासाचे भरवशाचे साधन नाही. मात्र, त्याने सिद्ध केलेले, हवेतून भूकंप टिपण्याचे तंत्र शुक्रासारख्या ग्रहासाठी मोलाचे आहे. शुक्राचा पृष्ठभाग ४६० अंशांवर तापलेला असतो, तिथे उपकरणे फार काळ तग धरत नाहीत. पण ५० ते ५५ किलोमीटर उंचीवर तापमान आणि दाब पृथ्वीसारखे आहेत. शुक्रावरचे भूकंप नोंदवायचे, तर तिथे तरंगणारा फुगा हा एक व्यवहार्य मार्ग आहे.