वय नव्हे, शिल्लक

आईच्या मोठ्या आतड्याचा कर्करोग कळला तेव्हा ती ७८ वर्षांची होती. ‘या वयात ऑपरेशन झेपेल का?’ हा घरात सगळ्यांचाच प्रश्न. शस्त्रक्रियेला तीन आठवडे होते. तेवढे दिवस आम्ही तिला जिना उतरू दिला नाही, घरकामाला हात लावू दिला नाही. पचायला हलके म्हणून पेज आणि मऊ भात दिला. पुढे या विषयावर वाचू लागलो, तेव्हा कळले की आमचा प्रश्नही चुकला होता आणि उपायही.

१९३० च्या सुमारास ग्लासगोत डेव्हिड कथबर्टसन हाडे मोडलेल्या रुग्णांची लघवी तपासत होते. तिच्यात नायट्रोजन वाढलेला आढळला. दुखापत एका पायाला, पण झीज साऱ्या शरीरातल्या स्नायूंची! शस्त्रक्रिया हीसुद्धा शरीराच्या लेखी दुखापतच. अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतात, दाह उसळतो, रक्तातली साखर चढते, हृदयाला जास्त काम पडते. जखम भरण्यासाठी लागणारी प्रथिने स्नायू मोडून पुरवली जातात.

तरुण शरीर हा खर्च सोसते, कारण गाठीला शिल्लक असते. उतारवयात स्नायू घटलेले असतात, हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे यांची राखीव ताकद कमी झालेली असते. त्यात कर्करोग भूक मारतो. रोजच्या जगण्यात ही उणीव जाणवत नाही, मोठा खर्च एकदम आला की उघडी पडते. लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये वार्धक्यातल्या दुर्बलतेच्या पाच खुणा मांडल्या: नकळत घटलेले वजन, थकवा, हाताची सैल पकड, मंद चाल, कमी हालचाल. त्यांत वय नाही.

मेंदूलाही हा ताण पोचतो. दुसऱ्या रात्री आईने मला ओळखले नाही; ती माहेरच्या गोठ्यातल्या गाईची चौकशी करत होती. दाह, वेदना, औषधे, झोपमोड यांतून असा भ्रम होतो. चष्मा आणि श्रवणयंत्र नसले तर तो वाढतो. आईच्या या दोन्ही वस्तू, हरवू नयेत म्हणून, माझ्या पिशवीत होत्या.

डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केह्लेट यांनी १९९७ मध्ये नेमके उलटे सांगितले होते: वेदना नीट आवरा, लवकर खाऊ घाला, लवकर चालवा. आता ही तयारी शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच करून घेतात.

आई सावरली, पण भिंतीचा आधार सुटला नाही. यंदा मावशीची शस्त्रक्रिया ठरली. सगळे म्हणाले, ‘आराम कर.’ आईने मात्र डॉक्टरांना विचारून तिला रोज चालायला लावले.